खाऱ्या पाण्यातलं तेल

ताईच्या दागिन्यांचा मला कधी हेवा वाटला नाही. मला हेवा वाटायचा तो एका स्टुलाचा. अकोल्याला तिच्या घरी मागच्या खोलीत उत्तरेच्या खिडकीपाशी ते साधं सागवानी स्टूल होतं. समोर टेबल, टेबलावर पितळेचा सूक्ष्मदर्शक. त्या स्टुलावर ताई बसायची आणि मी तिच्या मागे, खिडकीतला उजेड अडणार नाही अशा बेताने उभी राहायची.

ताईला जाऊन बरीच वर्षं झाली. तिच्याविषयी लिहायचं म्हणून बसते आणि चार ओळींनंतर थांबते. पण तिची आठवण काढायची तर त्या स्टुलापासूनच सुरुवात करावी लागते.

आमचं घर वलगावचं. पेढी नदीच्या काठी भाजीचा मळा, बांधाने शेवंती आणि मोगरा. बाबा पहाटे गाडी जुंपून अमरावतीच्या बाजारात माल न्यायचे आणि त्याच गाडीत मेथीच्या जुड्यांमध्ये आम्हा दोघी बहिणींना शाळेला न्यायचे. ताईने चौथीनंतर शाळा सोडली. मी मॅट्रिकपर्यंत गेले. मला लवकर चष्मा लागला आणि वाचायचा नाद लागला तो कायमचा. ताईचा जीव हातात होता. तिने ओवलेल्या गजऱ्यात एकही कळी वाकडी नसायची. वाफ्यातली रोपं विरळ करायची तर शेजारच्या रोपाच्या मुळाला धक्का न लावता ती नको ते रोप उपटायची.

अकोल्याच्या एका हायस्कुलात शास्त्र शिकवणारे मास्तर तिला बघायला आले, तेव्हा मी दाराआड पुस्तक घेऊन बसले होते. शिकलेला माणूस आहे, काहीतरी विचारेल, ताई अडखळेल आणि मग मला बोलावतील, असं माझं गणित होतं. त्यांनी विचारलंही.

"वाचता येतं का?"

"थोडंथोडं येते," ताई म्हणाली. "लहान बहिणीले लई येते. तिले पाह्यता का?"

बाबा गडबडले, पाहुणे हसले. तेवढ्यात मास्तरांच्या बशीत एक मुंगी पडली. ताईने सुपारीच्या तबकातली लवंग उचलली, तिचं टोक मुंगीपुढे धरलं, मुंगी त्यावर चढली आणि ताईने ती लवंग खिडकीबाहेर नेऊन ठेवली. मुंगीचा एकही पाय मोडला नाही. मास्तर त्या हाताकडे बघत राहिले. पुढे त्यांनी मला स्वतःच सांगितलं, की लग्न तेव्हाच ठरलं. ते हे कौतुकाने सांगत होते. मी हसून ऐकलं. मला मात्र त्या मुंगीचा राग आला होता.

लग्नानंतर ते माझे भाऊजी झाले. नागपूरला प्राणिशास्त्र शिकताना त्यांना एक हंगाम मद्रासकडच्या किनाऱ्यावर राहायला मिळालं होतं. तिथून त्यांनी काचेच्या चार बरण्या आणल्या. फॉर्मॅलिनच्या पाण्यात तळाशी दळलेल्या ज्वारीच्या कोंड्यासारखा गाळ. तो गाळ म्हणजे समुद्रातले बारीक कवचाचे जीव, झिंग्याच्या कुळातले, पण मोठ्यातला मोठासुद्धा तांदळाच्या कणीएवढा. लहान असतात ते डोळ्यांना दिसतच नाहीत. भाऊजींना ध्यास लागला होता तो त्यांच्या अंगातल्या तेलाचा.

त्यांनी मला पहिल्यांदा समजावलं ते दिवाळीच्या सुट्टीत, ओसरीवर, चहा थंड होईपर्यंत. अंड्यातून निघालेलं पिल्लू आईसारखं दिसतच नाही. पायांच्या तीन जोड्या, कपाळावर एकच डोळा, असा पोहणारा ठिपका. सुरुवातीला त्याला खाता येत नाही. आईने अंड्यात घातलेलं तेल असतं, तेवढ्यावर ते पोहतं आणि कात टाकतं. ते तेल आटत आलं की खायला लागतं. मग कातीमागून काती टाकत वाढतं, आकार पालटतो आणि पाठीत स्वतःची तेलाची पिशवी तयार होते. प्रौढ होण्याच्या आदल्या अवस्थेत ती पिशवी सगळ्यात गच्च. थंड समुद्रातले जीव याच तेलावर खोल पाण्यात महिनोन्‌महिने काही न खाता पडून राहतात. मग मादी प्रौढ होते, अंडी धरते आणि पिशवीतलं तेल अंड्यांत जातं.

"म्हणजे आई शिदोरी बांधून देते," मी म्हणाले.

भाऊजींना ते फार आवडलं. "वा! शिदोरी. हे मी वर्गात सांगणार."

त्या एका 'वा'वर मी पुढचे कितीतरी दिवस काढले.

बरण्यांतले जीव मेलेले. तेल साठतं कसं आणि उतरतं कसं, ते जिवंत प्राण्यात बघायला हवं होतं, आणि वऱ्हाडात समुद्र कुठला? पण भाऊजी अकोला जिल्ह्यातले. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना खारपाणपट्टा आहे, तिथल्या विहिरींच्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. अशा एका विहिरीच्या हिरवट पाण्यात त्यांना समुद्रातल्या जीवांचे भाऊबंद सापडले. ते बैलगाडीतून घागरी भरून पाणी आणायचे आणि मागच्या खोलीत पसरट मातीच्या कुंड्यांत ठेवायचे. समुद्रातला आणि विहिरीतला, दोघांची प्रत्येक अवस्था शेजारीशेजारी काढायची, अशी मोठी चित्रमाला त्यांना नागपूरच्या आपल्या गुरुजींकडे पाठवायची होती. स्वतः भाऊजींचा हात कापरा. चित्रं काढणार होती ताई.

त्याच दिवाळीत मी पहिल्यांदा त्या स्टुलावर बसले. एक डोळा मिटून दुसरा काचेला लावला. पांढरा धुरकट गोल आणि त्यात काळे केस हलताना दिसले.

"काय दिसलं?" भाऊजींनी विचारलं.

"केस आहेत बारीक. हलताहेत."

ताई खो खो हसली. "पापण्या हायेत त्या तुह्या! एवढी शिकली अन् आपल्याच पापण्या पाहून राहिली. सरक."

ती बसली, वाकली आणि लगेच बोलायला लागली. "हा पाह्य ना, आला. पोटात ठिपका हाये, तांबूस. काल मोठा व्हता, आज उतरला." हाताने कागदावर रेघ चाललेली. तिला ते प्राणी 'उवा' वाटायचे, ती त्यांना उवाच म्हणायची. नुसत्या डोळ्यांना पाण्यात वाळूचा कण तरंगावा एवढ्या त्या दिसत, पण कुंडीतून नेमकी हवी तीच उवा ती पिसाच्या टोकाने उचलायची.

मी पुन्हा बसले, दुसऱ्या दिवशी बसले, तिसऱ्या दिवशीही. धूर आणि पापण्या. बाजूला एक पितळी स्क्रू होता. तो फिरवून बघू का, असं मी एकदा विचारलं तर भाऊजी इतके दचकले की मी हात मागे घेतला. त्यांच्या एका विद्यार्थ्याने तो नको तितका फिरवून भिंग काचपट्टीवर आदळलं होतं, तेव्हापासून त्यांच्याखेरीज फक्त ताईने स्क्रूला हात लावायचा असा घरचा नियम झाला होता.

त्यानंतरच्या सुट्ट्या अशाच गेल्या. सकाळी स्वयंपाक मी करायची, कारण ताईला उजेड हवा असायचा. भाकरी थापताना मागच्या खोलीतून दोघांचं बोलणं ऐकू यायचं. "पिशवी कुठवर आली?" "कमरेपाशी. समुद्रातल्याची पाठभर हाये, आपल्याची दरिद्री." "दरिद्री नाही गं, विहिरीत खाणं कायम आहे, लांबचा उपास नाही, साठवून करणार काय?" ही उपासाची गोष्ट मला माहीत होती. ताईला ती पुन्हापुन्हा सांगावी लागायची, तरी ते तिच्याशीच बोलायचे. माझी भाकरी करपायची.

दुपारी ताई चित्र माझ्यापुढे टाकायची. "वाच बाई, काय काढलं मी?" मग मी तिला तिच्याच चित्राचा अर्थ सांगायची. हे तेल आईचं, हे त्याचं स्वतःचं. ती जांभई देत ऐकायची. कधीकधी वाटायचं, ती मुद्दाम जांभई देते आहे. तिला ठाऊक होतं. आम्ही एका अंथरुणात वाढलेल्या, तिच्यापासून काय लपणार? एकदा माझी वेणी घालताना ती म्हणाली, "तुले स्टूल पायजे ना? घेऊन जाय वलगावले. बसायले बरं हाये, मेथी निवडत जाय." मी वेणी सोडवून घेतली आणि संध्याकाळपर्यंत बोलले नाही.

मॅट्रिक झाल्यावर मी अमरावतीच्या मुलींच्या शाळेत शिकवायला लागले. तिथे कपाटात प्रकाशाच्या धड्यांचं एक जुनं पुस्तक सापडलं आणि त्यात मला माझं कोडं सुटलं. सूक्ष्मदर्शक ज्याच्या डोळ्याला लावलेला असेल त्याला स्पष्ट दिसतं. चष्मा लावणाऱ्याने चष्मा काढून डोळा काचेजवळ न्यावा आणि स्क्रू थोडा फिरवून घ्यावा. बस, इतकंच. इतकी वर्षं मी चष्म्यासकट वाकत होते, आणि स्क्रू ताईच्या तीक्ष्ण नजरेला लावलेला होता. ते पान मी पुन्हापुन्हा वाचलं. आता अकोल्याला जायचं, भाऊजींना हे समजावायचं आणि बसायचं. मग रेघ कोणाची चांगली येते ते बघू. शाळेच्या पाटीवर मी रोज बेडकाची, जास्वंदीची चित्रं काढून हात बसवत होते.

संधी आली ती ताईच्या डोहाळजेवणाच्या निमित्ताने. श्रावण होता. बाबांनी मळ्यातली फुलं टोपलीत भरून दिली, मी बडनेऱ्याहून आगगाडीने अकोल्याला गेले. ताईची सासू बाळापूरकडच्या खेड्यात राहायची, ती आधीच येऊन घर आवरत होती. चित्रमाला जवळजवळ पुरी झाली होती. समुद्रातल्या सगळ्या अवस्था झाल्या होत्या, विहिरीतल्या एकीखेरीज सगळ्या. राहिली होती ती विहिरीतली अंडी धरलेली मादी. ताईने आदल्या दिवशीच तशी एक कुंडीतून उचलून काचपट्टीवर ग्लिसरीनमध्ये बसवली होती. स्पिरिटमध्ये तेल विरघळून जातं म्हणून ग्लिसरीन. ती पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली लावून, स्क्रू जुळवून, वर कापड झाकून ठेवलं होतं. कुंड्यांत आणखी माद्या होत्या, अंडी उतरल्यावर तेल किती राहतं ते त्यांच्यात बघायचं होतं.

सकाळी मी भाऊजींजवळ चष्म्याचा विषय काढणार, तोच मागच्या खोलीतून सासूबाईंचा समाधानी आवाज आला, "झालं एकदाचं! किती गढूळ पाणी ठेवलं होतं बाई या लोकाईनं."

आम्ही धावलो. सासूबाई ओला हात पदराला पुसत होत्या. पावसाळ्यात नदीचं पाणी आलं की रांजणात तुरटी फिरवायची, हे आमच्याकडच्या प्रत्येक बाईच्या हाताला न सांगता माहीत असतं. बायका जेवायला यायच्या होत्या, पाणी कमी पडू नये म्हणून त्यांनी सगळ्या कुंड्यांतून तुरटी फिरवली होती. पाणी आरशासारखं निवळलं होतं. तळाशी हिरवा साका बसला होता आणि भाऊजींचं सगळं गोकुळ त्या साक्यात होतं.

भाऊजी कुंडीपाशी उकिडवे बसले आणि बसूनच राहिले. सासूबाईंना काही कळेना.

"काहून रे? जास्त झाली का तुरटी?"

ताईला आधी हसू फुटलं. हसताहसता ती भिंतीला टेकून खाली बसली आणि रडायला लागली. "उवा मेल्या माह्या," एवढंच म्हणत होती. तिला त्यांचं काही वाटत असेल असं मला तोवर वाटलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर त्या वेळी माझ्या मनात एकच आलं. आता नवं पाणी आणायचं, अंड्यापासून पुन्हा वाढवायचं. ताई तर बाळंतपणाला वलगावला जाणार. म्हणजे स्टूल रिकामं.

त्या गोंधळात चष्म्याचं बोलणं राहिलं. दुपारी ताईला फुलांची वाडी भरली, बायकांनी गाणी म्हटली. मोगऱ्याच्या मुकुटाखाली तिचे डोळे सुजलेले होते, तरी ती सगळ्यांत देखणी दिसत होती.

ताई माहेरी आली. मळ्यातल्या खोलीत आम्ही पुन्हा एका अंथरुणात झोपायला लागलो. एका दुपारी मी तिला चष्म्याचं आणि स्क्रूचं सांगितलं. तिने उठून बसत माझा चष्मा काढून स्वतःच्या डोळ्यांवर लावला. "अगं बाप्पा! असं दिसते तुले? सारं पाण्यात बुडल्यासारखं." मग चष्मा परत देऊन म्हणाली, "मंग मले काहून नाई सांगितलं? फिरवून देली असती म्या."

"तू हसायचीस."

"हसत व्हती. तू रुसली की मले मजा ये." ती पोटावर हात फिरवत होती. थोड्या वेळाने म्हणाली, "ती शेवटची उवा म्या पाह्यली हाये, काढायची तेवढी राहिली. तिची पिशवी कशी हाये सांगू?"

"नको," मी म्हणाले. "मी बघेन."

"पाह्य मंग," ती म्हणाली आणि कूस बदलली.

मुलगी झाली. ताईला ताप भरला. अमरावतीहून डॉक्टर आणले. ताप उतरला नाही. याहून जास्त मला लिहिता येत नाही.

तान्ही आमच्याकडेच राहिली, गाईच्या पातळ दुधावर. वर्षश्राद्ध झालं आणि मोठ्यांत बोलणं सुरू झालं. सासूबाई बाळापूरहून आल्या. "पोरीले माय पायजे," त्या म्हणाल्या, "अन् मावशीपेक्षा जवळची माय कुठून आणू?" बहिणीच्या जागी बहीण द्यायची रीत आमच्यात होती, कोणाला त्यात वावगं वाटत नव्हतं. बाबांनी मला मोटेजवळ गाठून विचारलं, "तुह्या मनात काय हाये? जबरदस्ती नाई." मी म्हणाले, एकदा अकोल्याला जाऊन येते. मग सांगते.

बाबा आणि मी तान्हीला घेऊन गेलो. भाऊजी फार वाळले होते. त्यांनी मुलीला घेतलं, मग बाबांच्या मांडीवर दिलं आणि मला म्हणाले, "चल, तुला दाखवायचंय." मागच्या खोलीत कुंड्या पालथ्या घातलेल्या. टेबलावर सूक्ष्मदर्शक, त्यावर तेच कापड. शेजारी चित्रमाला, शेवटची चौकट कोरी.

"एवढंच राहिलंय," ते म्हणाले. "पट्टी तिने लावून ठेवलीय तशीच आहे. तू काढ. तुझ्यात तिचा हात असेल."

इतकी वर्षं मला जे हवं होतं ते समोर होतं. मी स्टुलावर बसले. बसल्यावर ते किंचित डुलतं, हेही मी विसरले होते. सवयीने चष्म्यासकटच वाकले. धूर. पापण्या. मी चष्मा काढला आणि स्क्रूकडे हात नेला.

"स्क्रू नको हलवूस," भाऊजी घाईने म्हणाले. "तिच्या डोळ्याला लावलेला आहे."

मी वळून बघितलं. त्यांचा हात अर्धवट पुढे आलेला होता. तेव्हा मला कळलं की त्यांनी स्वतःसुद्धा वर्षभर त्यात डोकावलं नव्हतं. कापड झटकायचं, पुन्हा घालायचं, एवढंच. ताई असताना या खोलीत तिचा जितका हेवा वाटला नव्हता, तितका त्या क्षणी वाटला. मी या घरात आले असते, तिचं मूल वाढवलं असतं, या स्टुलावर रोज बसले असते आणि प्रत्येक वेळी माझ्या हाताआधी त्यांचा हात असा पुढे आला असता.

"मग मला कधीच दिसायचं नाही, भाऊजी," मी म्हणाले. "माझा डोळा वेगळा आहे."

खिडकीबाहेर कोणीतरी धुणं आपटत होतं. भाऊजींचा हात खाली गेला आणि ते ओसरीवर, मुलीकडे निघून गेले.

मी लगेच फिरवला नाही. बोट त्या पितळेवर ठेवून बसले. तिची नजर तिथे कुठेतरी अडकून होती आणि मी तिला कायमची सोडवणार होते. मग केसभर फिरवला, आणखी केसभर. धूर पातळ झाला, पापण्या विरल्या आणि काचेसारखी पारदर्शक ती मला दिसली. लांब मिशा, दुभंगलेलं शेपूट, शेपटीपाशी अंड्यांचे दोन घोस, काळसर आणि भरगच्च. पाठीत पिशवीच्या जागी एक बारीक तांबूस रेघ उरली होती. ताई हेच सांगत होती आणि मी 'नको' म्हणाले होते.

मी चित्र काढलं. चांगलं आलं नाही. मिशा जाड झाल्या, अंडी गारगोट्यांसारखी दिसतात. पण ते माझ्या डोळ्याने पाहिलेलं होतं.

परतीच्या गाडीत मी बाबांना नाही म्हणून सांगितलं. ते म्हणाले, "मी समजलो व्हतो का तुले ते घर पायजे."

"स्टूल पायजे व्हतं, बाबा. बसून आली."

त्यांना ते कळलं नसावं. त्यांनी झोपलेल्या मुलीचं टोपडं सारखं केलं.

भाऊजींनी पुढे चित्रमाला नागपूरला पाठवली. तिकडून चित्रं परत आली, सोबत स्तुती. शेवटचं चित्र तेवढं वेगळ्या हाताचं वाटतं, असंही कोणी म्हणालं, असं त्यांनी मला प्रामाणिकपणे सांगितलं. त्यांनी दुसरं लग्न केलं नाही. मुलगी माझ्याजवळ अमरावतीला वाढली, सुट्टीत अकोल्याला जायची. आता ती मोठी झाली आहे. परवा तिने अकोल्याहून ती चित्रमाला मागून घेतली आणि भिंतीवर लावायला चौकटी करून आणल्या. सगळ्या लावल्या, शेवटची सोडून.

"ही आईची नाही ना, मावशी?" ती सहज म्हणाली.

"नाही," मी म्हणाले आणि ते चित्र परत घेतलं. ते माझ्या टेबलाच्या खणात आहे.